नुसतं तेल

तेलगावच्या चौकातून माजलगावच्या रस्त्याला वळलं, की थोड्या अंतरावर अजिनाथदादाचं मेडिकल लागतं. दुकान त्याचं, परवाना त्याचा, पाटीवर नाव त्याच्या वडिलांचं. तरी बायका त्याला स्वप्नालीवहिनीचं मेडिकल म्हणतात. आमचं घर मागच्याच बोळात, त्यामुळे दुपारी गर्दी ओसरली की मी तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसते आणि ऐकते.

तिथे औषध मागायला आजाराचं नाव ठाऊक असावं लागत नाही.

"ताई, ती मागच्या टायमाची द्या."

"कोणती? गोळी का बाटली?"

"पोट गच्च झालतं तवाची."

"ती तुमच्या मालकाला दिली होती, मावशी. तुम्हाला काय होतंय ते सांगा."

वहिनीचं माहेर पाली गावचं. बी.ए. अर्ध्यात राहिलं आणि लग्न होऊन ती या काउंटरमागे उभी राहिली. औषधांची नावं ती वाचून शिकली, पण माणसांचे शब्द तिला आधीपासूनच येत होते. अंगावर उठलंय, डोकं भणभणतंय, पायात गोळे येतात, लेकरू किरकिर करतं. या शब्दांवरून कोणत्या फळीकडे हात न्यायचा आणि कोणाला सरळ डॉक्टरकडे धाडायचं, हे तिला समजत असे. कातडीचं काही असलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "आतापर्यंत काय काय लावलं?" लोक काहीही लावून येतात. टूथपेस्ट, चुना, शेजारणीची उरलेली ट्यूब. ते कळल्याशिवाय वहिनी फळीकडे वळतच नसे.

म्हणून तिच्याच लेकीच्या, कृष्णाईच्या डोक्यावर जेव्हा काहीतरी उठलेलं दिसलं, तेव्हा आम्हाला वाटलं, हिला काय अवघड आहे.

कृष्णाई तेव्हा नुकती मान धरायला लागली होती. तूप कढवल्यावर पातेल्याच्या बुडाला बेरी धरते, तसा पिवळट, तेलकट थर तिच्या टाळूवर धरला. आधी टाळूच्या कडेला, मग मागे, मग भुवयांपर्यंत. लेकरू मात्र मजेत. खाजवत नव्हतं, रडत नव्हतं, आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालून हसत होतं. वहिनीनं तिचं डोकं उजेडाकडे धरलं आणि पहिल्यांदाच ती शब्दाला अडली. कोंडा म्हणावा तर कोंडा कोरडा असतो. खवडा म्हणावा तर खवड्याला केस जातात आणि तो एकाचा दुसऱ्याला होतो. खपली म्हणावी तर जखम कुठे आहे? काउंटरच्या पलीकडून कुणी यातला एखादा शब्द दिला असता, तर तिनं बाटली काढून दिली असती. इथे शब्दही तिनंच द्यायचा होता आणि बाटलीही तिनंच काढायची होती.

अडचण वेळेचीही होती. कृष्णाईचं जावळ सातव्या महिन्यात काढायचं ठरलं होतं, धर्मापुरीच्या जुन्या देवळात, मामाच्या मांडीवर. मामा म्हणजे वहिनीचा भाऊ हनुमान. तो कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. एकदा गाळप सुरू झालं की त्याला उन्हाळ्यापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यामुळे जावळ दिवाळीच्या आधीच व्हायला हवं होतं. आणि जावळ वस्तऱ्यानं निघतं. त्या मऊ डोक्यावर, त्या थरावरून वस्तरा फिरणार. तो खपलीत अडकला तर? वहिनीच्या डोळ्यांसमोर तेवढंच येई.

ती फळीकडे वळली. लहान मुलांची फळी तिची आवडती, सगळ्यात स्वच्छ. पिवळा शाम्पू, डोळ्यांना न झोंबणारा. फेसाचा पंप. बदामाच्या तेलाची चपटी बाटली. एक क्रीम, ज्याच्या बाटलीवर ढगात झोपलेलं बाळ होतं. वहिनीनं आधी पिवळा शाम्पू आणला. आठवडाभरानं फेस. मग क्रीम. त्या क्रीमबरोबर एक घडीचा कागद होता, मराठीत छापलेला. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"बाळाच्या पाळणा टोपीवर दिवसातून एकदा हलक्या हाताने लावावे."

सासूबाई, बायनाबाई, तिथेच लेकराचे कपडे घडी करत होत्या. "कशावर?"

"पाळणा टोपीवर."

"म्हंजी टोपड्याला लावायचं का पाळन्याला?"

"तसं नाही आत्या, आजाराचं इंग्रजी नाव शब्दाला शब्द मराठीत केलं असेल."

"मंग आपल्या लेकराला तो आजार न्हाई," बायनाबाई निश्चिंत झाल्या. "आपल्याकडं पाळना न्हाई. झोळी हाय."

वहिनी हसली, पण कागद तिनं परत परत वाचला. तोच आजार आहे की नाही हेच जर नक्की नाही, तर क्रीम लावावं की लावू नये? तिनं निम्मं लावलं. म्हणजे एक दिवस लावलं, एक दिवस नाही.

अजिनाथदादाचं मत सरळ होतं. "जे जास्त खपतं ते चांगलं."

"मग कोणतं जास्त खपतं?"

"तू जे काढून देतीस ते."

वहिनीनं तो कागद परत घडी करून ठेवला.

घरातला क्रम मात्र रोज तोच होता. सकाळी वहिनी कृष्णाईला पायांवर घेऊन न्हाऊ घाली, नवा शाम्पू असेल तर तो लावी, पंच्यात गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर देई आणि दुकानाचं शटर वर करायला जाई. बायनाबाई लेकराला शेकत, काजळ घालत, आणि टाळू भरत. घाण्याच्या तेलाची वाटी निखाऱ्याजवळ कोमट होत असे. ओंजळभर तेल टाळूवर, वर तळहात, आणि ते जिरेपर्यंत हलकं थोपटणं. ओठांत काहीतरी पुटपुटणं. मग टोपडं. संध्याकाळी पुन्हा. मी कित्येकदा समोर बसून ते पाहिलं आहे. पाहताना डोळे जड होतात, इतकं ते शांत असे.

दुकानात हळूहळू त्रास सुरू झाला. लेकरू काउंटरमागे झोळीत असे आणि टोपडं सरकलं की येणाऱ्या बाईची नजर तिथेच जाई. सुनिता नावाची एक गिऱ्हाईक आहे, तिच्या जिभेला हाड नाही. वहिनी तिला तान्ह्यासाठी साबण दाखवत होती.

"हा घ्या, सौम्य आहे."

"सौम्य हाय तर तुमच्याच लेकराचं डोकं असं कावून, ताई? आमाला द्यायचं सौम्य, अन् घरी दुसरंच वापरता व्हय?"

"घरी हाच आहे."

"मंग तर नगच," सुनिता म्हणाली आणि साबण परत सरकवला.

वहिनीनं तो जागेवर ठेवला. त्यानंतर लहान मुलांचं कुणी काही विचारलं की ती म्हणे, "डॉक्टरला दाखवा." एवढ्या तेवढ्यासाठी असं म्हणणारी ती बाई नव्हती. बायका गोंधळून निघून जात.

शेवटी ती स्वतःच माजलगावला लेकरांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना तिनं पिशवीत तिन्ही बाटल्या घेतल्या होत्या. डॉक्टरांनी कृष्णाईचं डोकं बोटानं चाचपलं आणि विचारलं, "काय काय लावता?"

वहिनीनं तिन्ही बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"आणि याशिवाय?"

"याशिवाय काही नाही."

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पुष्कळ तान्ह्यांना होतं, आपलं आपण जातं. तीन-तीन बाटल्या लागत नाहीत. न्हाऊ घालायच्या आधी जरा तेल लावा, थोड्या वेळानं मऊ झालं की साध्या बेबी शाम्पूनं धुऊन काढा, मऊ ब्रश हळू फिरवा. नखानं ओढू नका. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू अजिबात नको. लाल झालं किंवा पाणी सुटलं तर घेऊन या.

वहिनीला हायसं वाटलं. घरी आल्या आल्या तिनं सांगितलं, "आत्या, डॉक्टर म्हणाले तेल लावा."

बायनाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्यालाच आपल्या घरचा पत्ता सांगितल्यावर पाहावं. "मंग म्या काय येगळं करीत व्हते? यवढ्या लांब जाऊन तेच आनलंस व्हय?"

आता सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे होऊ लागलं. वहिनी आंघोळीआधी तेल लावी, थांबे, धुवी, ब्रश फिरवी. थर सैल पडे. ती समाधानानं दुकानात जाई. आणि संध्याकाळी टोपडं काढलं की थर होता तिथेच, उलट जरा जाडच. बायनाबाईही आता हात आखडत नव्हत्या. डॉक्टरच म्हणाले होते ना. वाटीच्या जागी वाडगं आलं.

हनुमानचा फोन आला. "अक्का, भाचीला जावळाला काय आणू? पैंजण का हेल्मेट?"

"आणू नकोस काहीच," वहिनी म्हणाली. "हन्या, जावळ पुढं नाही का ढकलता येणार?"

"ढकल की. मग उन्हाळ्यात कर, पन मामा दुसरा बघ. बॉयलर पेटला की मला ट्रॅक्टरवरून उतरायला बी मिळत न्हाई." मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "लई हाय का गं?"

वहिनीनं झोळीतल्या लेकराचं टोपडं खाली ओढलं. दुपारी तिनं मला विचारलं, "तू एवढी शिकलीस, तुला काय वाटतं?" मी फोनवर शोधून पाहिलं. एक म्हणत होतं तेल लावा, दुसरं म्हणत होतं तेल लावू नका, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. वहिनीनं माझ्या हातून फोन घेतला, दोन्ही वाचलं आणि पालथा ठेवला.

दिवाळीला थोडेच आठवडे उरले होते तेव्हा शिवकन्या आली. ती वस्तीवरची, कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतली. निघायच्या आधी लागणारी औषधं घ्यायला दरवर्षी याच दिवसांत येते. कडेवर लेकरू, लेकराला लाल टोपडं. गोळ्या घेऊन झाल्यावर तिनं टोपडं मागे सारलं.

"ताई, हे बघा बरं लेकराच्या डोक्याला काय झालं."

वहिनी पुढे झुकली. तीच बेरी, तोच पिवळा रंग. मी स्टुलावरून उठून पाहिलं.

वहिनीच्या तोंडून ठरलेला प्रश्न आला. "आतापर्यंत काय काय लावलं?"

"काहीच न्हाई."

"हळद? चुना?"

"न्हाई बाई. तुमच्या गळ्याची शपथ, काहीच न्हाई लावलं. नुसतं तेल."

तेवढ्यात लेकराच्या केसांतून तेलाचा एक थेंब कपाळावर उतरला, भुवईशी थबकला आणि मग गालावरून ओघळला. शिवकन्यानं सवयीनं तो पदरानं टिपला. पदराचा तो कोपरा तेलानं काळपट झालेला होता.

वहिनीचा हात शाम्पूच्या बाटलीपर्यंत गेलेला, तिथेच राहिला.

"तेल कधी लावता?" तिनं विचारलं.

"कवा म्हंजी? न्हाऊ घातलं की. मंग दिवस मावळताना. टाळू भरावं नगं का?"

"आंघोळीआधी नाही लावत?"

शिवकन्याला हसू आलं. "आंगुळीच्या आदी लावून काय उपेग, ताई? समदं वाहून जाईल की."

वहिनीनं हात मागे घेतला आणि झोळीकडे पाहिलं. शिवकन्या माझ्याकडे पाहू लागली, माझं काही चुकलं का, अशा नजरेनं. नंतर वहिनीनं मला सांगितलं की तिला त्या वेळी माजलगावचं टेबल दिसत होतं. तिन्ही बाटल्या ओळीनं, आणि आपलाच आवाज: याशिवाय काही नाही. ती खोटं बोलली नव्हती. तेल फळीवर नव्हतंच. ते निखाऱ्याजवळ होतं, वाटीत, सासूबाईंच्या हातात. ते कुणी लावत नव्हतं, ते होतंच, जसं लेकराच्या डोक्यावर टोपडं होतं.

"असं करा," ती शेवटी शिवकन्याला म्हणाली. "तेल आंघोळीआधी लावा, थोडंच. मऊ झालं की या शाम्पूनं धुऊन काढा. आणि मग लावू नका. संध्याकाळीही नको."

"त्यानं जाईल?"

"मला नक्की माहीत नाही."

"म्हंजी तुमालाबी ठाव न्हाई?"

"नाही. माझ्या लेकीलाही तेच आहे. मी उद्यापासून करून बघते. लाल झालं, पाणी सुटलं, तर मात्र जिथं असाल तिथं डॉक्टरला दाखवायचं."

शिवकन्यानं झोळीत झोपलेल्या कृष्णाईकडे मान लांबवून पाहिलं, मग स्वतःच्या लेकराकडे. "बया, जुळ्याच की," ती म्हणाली. छोटी बाटली घेऊन ती गेली. त्या दिवसांत लहान मुलांच्या फळीवरून गेलेली ती पहिली वस्तू होती.

अवघड भाग घरी होता. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, वहिनीनं लेकराला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पण शटर वर करायला गेली नाही. तिथेच बसली.

"आत्या, आता तेल नको."

बायनाबाईंचा हात वाडग्यापाशी थांबला. "कावून?"

"आंघोळीनंतरच्या तेलानं ते धरतंय, असं वाटतंय."

"वाटतंय?" बायनाबाईंनी नेमका शब्द उचलला. "डाक्टर म्हनला लावा. तू म्हनती नगं. तुझा कागद म्हनतो टोपीला लावा. तुमी शिकलेली मानसं, एकदा काय ते ठरवा अन् मला सांगा."

"डॉक्टर म्हणाले लावा आणि धुवा. जिरवा नाही म्हणाले."

"लावल्यावर जिरनारच की! का त्याला बी इचारून जिरायचं?" त्यांचा आवाज चढला. "अजिनाथची टाळू म्या भरली. ह्याच हातानं. त्याच्या डोक्याला काय झालं?"

अजिनाथदादा दारात चहा पीत उभा होता. बायनाबाईंनी आणि वहिनीनं एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं. चाळिशी अजून लांब आहे, पण कपाळ पार मागपर्यंत गेलेलं. त्यानं कप खाली ठेवला आणि डोक्यावर हात फिरवला.

"मला मध्ये घेऊ नका," तो म्हणाला.

बायनाबाईंना हसू आवरेना. पण हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी कृष्णाईची टाळू बोटानं दाखवली. पातळ कातडीखाली ती खालीवर होत होती. "बघ कशी लपलप करती. इथं जीव असतो लेकराचा. तो उघडा ठिवू?"

त्या जागी हळू हात लावला, धुतलं तरी लेकराला काही होत नाही, हे वहिनीनं वाचलं होतं. पण ती जागा खालीवर होताना पाहून तिलाही रोज तेच वाटत असे.

"उघडा नका ठेवू," ती म्हणाली. "हात ठेवा. तेल नको, नुसता हात ठेवा."

बायनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कोरडा तळहात टाळूवर ठेवला आणि हलकं थोपटू लागल्या. हाताला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. तो मध्येच वाडग्याकडे वळे आणि परत येई. पुटपुटणं मात्र तेच होतं.

थर कमी होऊ लागला, पण सरळ नाही. एक दिवस बराच निघाला, तर त्याच्याबरोबर केसही आले आणि दोघीजणी घाबरल्या. मग दोन दिवस काहीच फरक नाही. मग भुवया स्वच्छ. वहिनी पिवळ्या शाम्पूवरच राहिली, क्रीम आणि फेस परत फळीवर गेले नाहीत, न्हाणीतल्या कोनाड्यात पडून राहिले. "तेल थांबवल्यानं जातंय, का जायचंच होतं म्हणून जातंय?" तिनं मला विचारलं. डॉक्टर तर म्हणालेच होते, आपलं आपण जातं. "मग मी बायकांना सांगू काय?"

जावळाच्या दिवशी मीही धर्मापुरीला गेले होते. देवळाच्या भिंतीवरच्या दगडी बायका उन्हात उजळल्या होत्या. हनुमान नवा शर्ट घालून मांडी घालून बसला, कृष्णाईला छातीशी धरून. गहिनीनाथ नावाचे म्हातारे कारागीर वस्तरा घेऊन समोर बसले. त्यांनी अंगठ्यानं डोकं चाचपलं. कानामागे एक पातळ पिवळा पट्टा अजून होता. वहिनीनं हनुमानचा खांदा धरला.

"लई कोरडं हाय," गहिनीनाथ म्हणाले. "जरा तेल आना."

बायनाबाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं बायनाबाईंकडे. मग बायनाबाईंनी हळूच पिशवीत हात घातला आणि तळातून तेलाची बाटली काढली. फडक्यात गुंडाळलेली.

"आणली होती?" वहिनीनं विचारलं.

"असावी म्हनून," बायनाबाई खाली बघत म्हणाल्या.

वहिनीनं बाटली घेतली, फडकं सोडलं आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर थोडं तेल ओतलं. "थोडंच, बाबा. झालं की लगेच धुवायचं आहे."

"धुवायचं तर लावायचं कावून?" गहिनीनाथांनी विचारलं.

हनुमान हसला. वहिनीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी बायनाबाई बोलल्या. "आदी लावायचं अन् मंग धुवायचं. आमच्यात तसंच करत्यात."

वस्तरा फिरला. कृष्णाईनं एकच मोठा टाहो फोडला आणि मामाच्या शर्टाची गुंडी तोंडात घेऊन गप्प झाली. कानामागच्या पट्ट्यापाशी म्हाताऱ्यानं हात हलका केला आणि वळसा घेतला. रक्ताचा टिपूसही आला नाही. वहिनीनं तिथेच तांब्यातलं कोमट पाणी ओतलं, पिवळा शाम्पू चोळला, धुतलं, पुसलं. गोटा पांढरा दिसू लागला, कानामागे तेवढी एक पिवळी रेघ.

बायनाबाईंनी लेकराला मांडीवर घेतलं. बाटली त्यांच्या गुडघ्यापाशीच उभी होती, झाकण उघडं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. मग झाकण लावलं आणि कोरडा, रिकामा तळहात टाळूवर ठेवला.